शेंकडा दरमहा

दक्षिणेंतील जुन्या सावकाराला कर्जाचा भाव विचारला, तर तो वर्षाचा आंकडा सहसा सांगत नसे, महिन्याचा सांगे. ‘शेंकडा दीड’ एवढेंच त्याचें उत्तर असे, आणि त्यामागचा ‘दरमहा’ हा शब्द उच्चारण्याचेंहि कारण पडत नसे. तो उभयपक्षीं गृहीत धरलेला असे. ही रीत कोणा एका लबाड माणसाची युक्ति नव्हे. ती फार पुरातन आहे. मनुस्मृतीनें मुद्दलाचा ऐशींवा भाग दरमहा घेण्यास अनुज्ञा दिली आहे, म्हणजे शेंकडा सव्वा. कौटिलीय अर्थशास्त्रांतहि धर्म्य म्हणून हाच सव्वा पण सांगितला असून, व्यापाऱ्यास पांच, अरण्यमार्गानें जाणारास दहा आणि समुद्रावर जाणारास वीस, अशी चढती भाजणी दिलेली आहे. हे सारे आंकडे महिन्याचे. वर्षाच्या मापानें पाहिलें तर समुद्रयात्रेच्या कर्जावर मुद्दलाच्या जवळ जवळ अडीचपट व्याज होतें. परंतु एका सफरीपुरता पैसा उचलणाऱ्याला वर्षाच्या मापानें विचार करण्याचें कारणच नव्हतें.

हीच महिन्याची भाषा आज मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांत क्रेडिट कार्डाच्या हिशेबपत्रकावरून पुन्हा घरांत शिरली आहे. घराच्या कर्जाचा दर वर्षाचा सांगितला जातो, मोटारीच्या कर्जाचा वर्षाचा. कार्डाचा मात्र ‘साडेतीन टक्के’ असा कानांवर येतो, आणि आठ-नऊ टक्क्यांच्या शेजारीं उभा राहिला म्हणजे तो बापडा अगदींच स्वस्त दिसतो. एकाचा भाव शेराचा आणि दुसऱ्याचा मणाचा सांगितला, तर भाजी घेणारी बाई तेथल्या तेथें जाब विचारील. व्याजाच्या बाबतींत हा जाब विचारला जाण्यास मनुष्यसमाजाला फार काळ लागला, आणि त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

आपल्याकडील जुन्या व्यवस्थेंत महिन्याच्या भाषेपासून फारसा अपाय होत नसे, कारण तिच्यावर एक कुंपण घातलेलें होतें. तें कुंपण म्हणजे दामदुपट. एका वेळीं वसूल होणारें व्याज मुद्दलाहून अधिक होतां कामा नये, असा हा नियम आहे. दर सव्वा असो वा पांच असो, शंभराचे दोनशें झाले कीं घड्याळ थांबलें. सव्वाच्या दरानें दुप्पट व्हावयास ऐशीं महिने, म्हणजे सहा वर्षें आठ महिने, लागतात. ऋणकोला गणित येत नसलें तरी चालत असे; आपल्या डोक्यावर जास्तींत जास्त किती ओझें येईल एवढें त्याला पक्कें ठाऊक असे. व्याजाचा दर समजावून देण्याची ही सर्वांत साधी युक्ति होती, आणि पुढें निघालेल्या कित्येक विद्वान कायद्यांना तिची सर आलेली नाहीं. मुंबई इलाख्यांतील इंग्रजी न्यायालयांनींहि हिंदु ऋणकोंच्या बाबतींत दामदुपट मान्य ठेविली होती.

पण कुंपणाला खिंडारें असतात. खताची मुदत भरली कीं थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घ्यावें, म्हणजे दामदुपटीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. त्यांतच १८५५ सालीं इंग्रज सरकारनें व्याजाच्या मर्यादेचे कायदे रद्द केले. खतांत जो दर लिहिला असेल तो न्यायालयानें मानावा असें ठरलें. इंग्लंडांत आदल्याच वर्षीं तसा कायदा झाला होता, व तेथल्या व्यापारी पेढ्यांस तो सोयीचाहि असेल. निरक्षर कुणब्याच्या अंगठ्यापुढें त्याचा अर्थ निराळा झाला.

शिवाय खतांतला दर हा पुष्कळदां खरा दर नसेच. पेरणीच्या वेळीं धान्य घ्यावें व सुगीला सवाईनें परत करावें, यांत व्याज किती हें कोणी टक्क्यांत सांगत नसे. सहा महिन्यांत पंचवीस, म्हणजे वर्षाच्या हिशेबानें पन्नास. दिढीची गोष्ट तर याच्याहि दुप्पट. रोख कर्जांत मनोतीची वा कसरीची रक्कम आधींच कापून ठेवीत. खत शंभराचें, हातीं पडत नव्वद, आणि दर शेंकडा दोन. वर्षानें ऋणको एकशें चोवीस रुपये आणून देई. सांगण्याला व्याज चोवीस टक्के; परंतु त्याला मिळाले होते नव्वद आणि वर त्यानें दिले चौतीस, म्हणजे खरा दर अडतीसच्या जवळपास. आजच्या कार्डावर रोख रक्कम उचलतांना जें शुल्क प्रथमच आकारलें जातें, तें या मनोतीचेंच नातलग समजावें.

याचा स्फोट १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें झाला, आणि तेथून दंगा पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. रयतेनें सावकारांच्या घरांवर चाल केली. परंतु तिचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खतें आणि वह्या बाहेर काढून जाळल्या जात, आणि जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें हवालीं केले तेथें बहुधा दंगा तेवढ्यावरच ओसरे. ज्याचा हिशेब आपल्याला वाचतां येत नाहीं तो कागदच नाहींसा करावा, हा त्या लोकांनीं काढलेला उपाय होता. सरकारनें चौकशीस मंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यानें न्यायाधीशाला खताच्या आंत डोकावण्याचा अधिकार दिला: व्यवहाराची सुरुवातीपासून चौकशी करावी, मुद्दलाचा व व्याजाचा हिशेब वेगवेगळा मांडावा, आणि व्याज गुपचुप मुद्दल होऊन बसलें असल्यास तें सहसा धरूं नये. सावकारानें पावती द्यावी, मागणी झाल्यास हिशेबाचा उतारा द्यावा, हेंहि त्यांत होतें. ऋणकोला आंकडा दाखवावा ही कल्पना अशी दख्खनच्या खेड्यांतून कायद्यांत आली. परंतु आंकडा कोणत्या मापांत दाखवावा, हा प्रश्न त्या कायद्यानें घेतला नाहीं.

तो प्रश्न शंभर वर्षांच्या आंत अमेरिकेंत उपस्थित झाला, आणि तेथें निमित्त उधारीच्या नव्या सोयींचें होतें. १९५० सालीं न्यूयॉर्कमध्यें निघालेलें डायनर्स क्लबचें कार्ड हें खऱ्या अर्थानें कर्जाचें कार्ड नव्हतें. महिनाअखेर सर्व रक्कम चुकती करावी लागे, आणि क्लबचें उत्पन्न उपाहारगृहांकडून मिळणाऱ्या वर्तावळ्यांतून येई. खरा बदल केला तो बँक ऑफ अमेरिकेनें. सप्टेंबर १९५८ मध्यें तिनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो या शहरीं साठ हजार कार्डें लोकांना न मागतां टपालानें घरीं पाठवून दिलीं. सगळे पैसे एकदम द्यावयाचे नसतील तर थोडे द्यावे, उरलेल्यावर दरमहा दीड टक्का व्याज चढेल, अशी योजना होती. थकबाकी शेंकडा चारच्या आंत राहील असा बँकेचा अंदाज होता. ती बावीसवर गेली, आणि बँकेला मोठी खोट बसली. तरी योजना टिकली, वाढली, आणि १९७६ सालीं तिनें व्हिसा हें नांव धारण केलें. न मागतां कार्ड पाठविण्याची चाल १९७० सालीं कायद्यानें बंद करण्यांत आली.

याच सुमारास इलिनॉय राज्याचे सेनेटर पॉल डग्लस यांनीं एक निराळाच आग्रह धरला होता. ते मूळचे अर्थशास्त्राचे अध्यापक. उत्पादनशास्त्रांतील एका प्रसिद्ध सूत्राला त्यांचें नांव जोडलेलें आहे. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, व्याज कितीहि घ्या, पण तें एका भाषेंत सांगा. त्या वेळीं हप्त्यानें वस्तु विकणारे दुकानदार जो दर सांगत, तो मूळ संपूर्ण रकमेवर वर्षभर धरलेला असे. याचें स्वरूप रुपयांच्या उदाहरणानें चांगलें कळेल. बारा हजारांचें कर्ज, दहा टक्के, एक वर्ष. व्याज झालें बाराशें, एकूण तेरा हजार दोनशें, आणि दरमहाचा हप्ता अकराशें. हिशेब सरळ दिसतो. परंतु ऋणकोपाशीं बारा हजार रुपये केवळ पहिलाच महिना असतात; नंतर प्रत्येक हप्त्यासरशीं मुद्दल कमी होत जातें, आणि व्याज मात्र अखेरपर्यंत बारा हजारांवरच भरलें जातें. उरलेल्या रकमेवर हिशेब केला तर या ‘दहा टक्क्यां’चा खरा दर वर्षाला अठरा टक्के भरतो. हप्तेबंदीच्या जाहिरातींत ‘सपाट दर’ म्हणून जो आंकडा अजूनहि आढळतो, तो याच कुळींतला.

डग्लस यांनीं आपलें विधेयक १९६० सालीं मांडलें, आणि तें कित्येक वर्षें समितींतच अडकून पडलें. विरोधकांचे आक्षेप वाचण्यासारखे आहेत. दुकानांतील कारकुनांना हें गणित जमणार नाहीं, असें एक म्हणणें. आणि गिऱ्हाइकाला दराशीं कर्तव्य नसून महिन्याचा हप्ता किती एवढेंच तो पाहतो, हें दुसरें. दुसऱ्या म्हणण्यांत तथ्य होतेंच, आणि नेमकें तेंच डग्लस यांच्या काळजीचें कारण होतें. १९६६ सालच्या निवडणुकींत ते पराभूत झाले. काम विल्यम प्रॉक्समायर यांनीं पुढें चालविलें. १९६७ सालीं सेनेटनें विधेयक एकमतानें मंजूर केलें खरें, पण त्यांत एक पळवाट ठेवली होती: कार्डासारख्या फिरत्या उधारीला वर्षाचा दर सांगण्यापासून सूट. म्हणजे ‘दीड टक्का’ म्हणावयाची मोकळीक राहणार होती. मिसूरीच्या प्रतिनिधि श्रीमती लिओनोर सलिव्हन यांनीं कनिष्ठ सभागृहांत याला हरकत घेतली. महिन्याला दीड म्हणजे वर्षाला अठरा. अठरा हा आंकडा सांगावयास संकोच वाटत असेल तर तो गिऱ्हाइकाला कळणें अधिकच अगत्याचें, असा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. अखेर त्यांचें म्हणणें टिकलें. २९ मे १९६८ रोजीं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं कायद्यावर सही केली, आणि जुलै १९६९ पासून प्रत्येक धनकोला वर्षाचा टक्केवारीचा दर लिहून देणें भाग पडलें.

तरी एक बारीक भेद राहिलाच. अमेरिकेनें वर्षाचा दर काढला तो महिन्याच्या दराला बारांनीं गुणून. व्याजावर चढणारें व्याज त्यांत येत नाहीं. १९७४ च्या कायद्यानंतर इंग्लंडांत जी पद्धति आली तींत तें धरलें जातें. त्यामुळें दरमहा दीड टक्क्याचें एकच कर्ज न्यूयॉर्कमध्यें अठरा टक्क्यांचें ठरतें आणि लंडनमध्यें साडेएकोणीस टक्क्यांच्या वर जातें. दर लहान असतां हा फरक नजरेआड करतां येतो. दरमहा साडेतीन टक्क्यांचें गणित केलें तर गुणाकारानें बेचाळीस येतात, आणि चक्रवाढीनें एक्कावन्न.

आंकडा दाखविण्याचा कायदा झाला. परंतु आंकडा किती मोठा असावा यावरची मर्यादा थोड्याच वर्षांत नाहींशी झाली, आणि तीहि अशा वाटेनें कीं ती कोणाच्या ध्यानींमनीं नव्हती. व्याजाची कमाल मर्यादा अमेरिकेंत राज्यपरत्वें वेगळी होती. नेब्रास्कांतील ओमाहा येथील एक बँक शेजारच्या मिनेसोटांतील लोकांना कार्डें देऊन नेब्रास्काच्या कायद्याप्रमाणें अठरा टक्के घेऊं लागली. मिनेसोटाची मर्यादा होती बारा. मिनीआपोलिसच्या मार्केट नॅशनल बँकेनें दावा लाविला. १९७८ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला कीं, राष्ट्रीय बँकेला ती ज्या राज्यांत आहे तेथील दर लागू. गिऱ्हाइक कोठें राहतें याला महत्त्व नाहीं. निकालाचा आधार होता यादवी युद्धाच्या काळांतील बँकांचा कायदा, म्हणजे कार्डाच्या जन्मापूर्वीं जवळ जवळ शंभर वर्षांचा.

याचा अर्थ काय हें ओळखावयास न्यूयॉर्कच्या सिटीबँकेला वेळ लागला नाहीं. तो महागाईचा काळ होता. १९८० च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बड्या बँका आपल्या उत्तम गिऱ्हाइकांनाहि साडेएकवीस टक्क्यांनीं कर्ज देत होत्या, आणि न्यूयॉर्कच्या कायद्यानें कार्डावर अठरांहून अधिक घेण्यास मनाई होती. साउथ डाकोटा या शेतीच्या राज्यालाहि तेव्हां रोजगाराची निकड होती. गव्हर्नर विल्यम जँक्लो यांच्या कारकीर्दींत तेथें १९८० सालीं व्याजाची मर्यादा उठविण्यांत आली. १९८१ सालीं सिटीबँकेनें आपला कार्डांचा कारभार सू फॉल्स या गांवीं हलविला. त्याच वर्षीं डेलावेअरनेंहि तसेंच दार उघडलें. दोन लहान राज्यांनीं नोकऱ्यांसाठीं केलेला कायदा अशा रीतीनें अखिल अमेरिकेचा कायदा होऊन बसला.

महागाई ओसरली, बँकांना स्वतःला पडणारा पैशाचा भाव निम्म्यावर आला, कार्डाचा दर मात्र अठराच्या आसपास खिळल्यासारखा राहिला. हजारों बँका कार्डें देत असतां स्पर्धेनें दर उतरूं नये, याचें अर्थशास्त्रज्ञांना कोडें पडलें. लॉरेन्स ऑसुबेल यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्याचें जें एक कारण दिलें आहे, तें कोणत्याहि सुशिक्षित घरांत पटण्यासारखें आहे. कार्ड घेणाऱ्या पुष्कळांची समजूत अशी असते कीं, आपण दरमहा पूर्ण रक्कम भरणार, आपल्याला व्याज लागणारच नाहीं. मग दर पाहावयाचा कशाला? ते वार्षिक शुल्क पाहतात, बक्षिसाचे गुण पाहतात, आणि दर न पाहतां सही करतात. पुढें आजारपण येतें, लग्न निघतें, आणि व्याज लागतेंच. दर कमी करूनहि ज्याला गिऱ्हाइक मिळत नाहीं तो दर कमी कशाला करील?

१९८८ च्या कायद्यानें अर्जाबरोबरच दर व शुल्कें एका चौकटींत ठळकपणें छापण्याची सक्ति झाली. २००९ च्या कायद्यानें आणखी पुढें जाऊन, आधींच खर्च झालेल्या रकमेवर मागाहून दर वाढविण्यास सामान्यतः बंदी केली, आणि पत्रकावर एक नवीनच ओळ आणली: केवळ किमान रक्कम भरीत राहिल्यास हें कर्ज फिटावयास किती काळ लागेल. दराऐवजीं काळ सांगण्याची ही युक्ति दामदुपटीच्या पुष्कळच जवळची आहे.

भारतांत बँकांचीं कार्डें १९८० नंतर रुजूं लागलीं. १९८४ सालीं बँकिंगच्या कायद्यांत एक कलम आलें, त्यानें केवळ दर जबर आहे एवढ्याच कारणावरून बँकेचा व्यवहार पुन्हा उकरण्याची न्यायालयांस मनाई केली. १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशाच्या हातीं दिलेली किल्ली बँकांपुरती अशी परत घेण्यांत आली. १९९४ मध्यें दोन लाखांवरील कर्जाचे दर ठरविण्याची मोकळीक बँकांना मिळाली. पुढें कार्डावरील दर वर्षाला छत्तीसपासून एकूणपन्नास टक्क्यांपर्यंत चढले, तेव्हां ‘आवाज’ या संस्थेनें राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे दाद मागितली. आयोगानें जुलै २००८ मध्यें तीस टक्क्यांवरील व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय असें ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल २० डिसेंबर २०२४ रोजीं रद्द केला. दर ठरविण्याच्या प्रश्नांत पडणें हें आयोगाचें काम नव्हे, तो रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे, असा त्याचा आशय होता. मधल्या काळांत, २०२२ सालीं, रिझर्व्ह बँकेनें निर्देश काढून वर्षाचा टक्केवारीचा दर सांगण्यास बजावलें: खरेदीचा वेगळा, रोख उचलीचा वेगळा, थकबाकीचा वेगळा, आणि सर्वांस सारखेंच ठळक स्थान. न भरलेलीं शुल्कें व कर मुद्दलांत मिळवून त्यांवर व्याज चढविण्यासहि तींत बंदी होती.

तेव्हां वर्षाचा आंकडा आज पत्रकावर असतो. परंतु दोन कार्डांची तुलना त्या एका आंकड्यानें होत नाहीं, कारण व्याज कोणत्या दिवसापासून धरावयाचें, हा प्रश्न आंकड्याच्या बाहेर राहतो. समजा, एका गृहस्थानें १ जूनला तीस हजारांची खरेदी केली. रक्कम भरण्याची अखेरची तारीख ८ जुलै. त्या दिवशीं त्यानें एकोणतीस हजार भरले, एक हजार राहिले. त्याला वाटतें, व्याज हजारावर, पस्तीस रुपये. पण बाकी राहिली कीं बिनव्याजी मुदत जाते, आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज धरण्याची रीत असेल तर पूर्ण तीस हजारांवर सदतीस दिवसांचें व्याज लागतें: बेचाळीस टक्क्यांच्या दरानें पावणेतेराशेंच्या घरांत. हजार रुपये मागें ठेवल्याची किंमत हजाराहून अधिक.

त्यावर कर निराळा. इतर कर्जांच्या व्याजावर वस्तु व सेवा कर नाहीं, कार्डाच्या व्याजाला मात्र तो १८ टक्के लागतो. त्यामुळें साडेतीन टक्के प्रत्यक्षांत ४·१३ होतात, आणि वर्षाचे बेचाळीस ४९·५६ होतात. आतां एक लाखाची बाकी असलेलें कुटुंब घ्यावें. तें नवी खरेदी अजिबात करीत नाहीं आणि दरमहा बाकीच्या पांच टक्के एवढी किमान रक्कम न चुकतां भरतें. बारा महिन्यांत त्या घरांतून एकोणसाठ हजारांच्या आसपास रुपये बँकेकडे जातात, आणि वर्षअखेरीस एक लाखांपैकीं सत्याऐशीं हजारांहून अधिक देणें उभेंच असतें.